कणगी आणि कुपी

रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, जिथे समुद्राचा वारा थकतो आणि सह्याद्रीची भिंत उभी राहते, तिथे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके आहेत. आहाराबद्दल इथे एकाच वेळी दोन भाषांत बोललं जातं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी फार्महाऊसवर आणि निसर्गोपचाराच्या केंद्रांत शरीरशुद्धी, उपवास, पालेभाज्यांचे रस आणि ‘कर्करोगाला लांब ठेवणारा आहार’ अशी भाषा चालते. त्याच रस्त्याने थोडं आत गेलं की ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. तिथे आहाराचा विषय अंगणवाडीच्या वजनकाट्याशी निघतो आणि तिथेच संपतो. एका ठिकाणी जास्त खाल्ल्याची धास्ती, दुसऱ्या ठिकाणी पुरेसं न मिळाल्याची. कर्करोगाचं नाव निघालं की या दोन्ही भाषा एकमेकींत मिसळतात. फार्महाऊसवरचा सल्ला वाडीत जाऊन पोचतो, तोही असा की जणू दोन्हीकडची शरीरं, दोन्हीकडची ताटं आणि दोन्हीकडचे आजार एकच आहेत.

काही कर्करोग विषाणूंमुळे होतात, हे आता वादाचं राहिलेलं नाही. ब प्रकारच्या काविळीचा, म्हणजे हेपटायटिस बीचा विषाणू शोधणाऱ्या बरूख ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू आहे हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना ते २००८ साली मिळालं. २०१८ साली जगात आढळलेल्या नव्या कर्करोगांपैकी सुमारे तेरा टक्के कुठल्या ना कुठल्या संसर्गाशी जोडलेले होते. त्यात विषाणूंबरोबर जठरातल्या एका जिवाणूचाही मोठा वाटा आहे. भारतात २०२२ या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. वाद आहे तो पुढचा. विषाणू शिरल्यावर काय होतं, आणि त्यात ताटाचा हात किती? शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष नीट मांडू, त्याला कमकुवत करून नव्हे. वाड्यांमध्ये पोषणाचं काम करणाऱ्या एक ताई आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे एक डॉक्टर, असे दोघे समोरासमोर बसवू. दोघंही कल्पित आहेत. त्यांची मतं मात्र चांगलीच खरी आहेत.

ताई : डॉक्टर, विषाणूचं नाव घेतलं की विषय मिटला, असं तुम्ही धरून चालता. पण एचपीव्ही शिरलेल्या शंभर बायकांपैकी नव्वदजणींच्या अंगातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो, हे तुमच्याच पुस्तकातलं. मग उरलेल्या दहाजणींत तो ठाण मांडून का बसतो? आणि त्याला हाकलणारं शरीर कशावर उभं असतं? आमच्या वाड्यांत पावसाळ्यात टाकळा असतो, कुर्डू, भारंगी, शेवळं, करटोली असतात, शेतातले खेकडे आणि ओढ्यातले मासे असतात. शिमग्यापर्यंत यातलं काही उरत नाही. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात; तिथे भात, मिरची आणि झालीच तर चिमूटभर सुकट. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय निघाला. आधीच्या पाहणीत तो ४८ टक्के होता, म्हणजे वाढलाच. १९९२ साली अमेरिकेत बटरवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्तात फोलेट कमी असलेल्या बाईत एचपीव्ही-१६ चा उपद्रव वाढतो. हैदराबादजवळच्या मेडचल भागातल्या बायकांचा अभ्यास २०१० साली आला. फोलेट आणि बी-१२ चांगलं असलेल्यांमध्ये धोकादायक जातींचा एचपीव्ही कमी निघाला. हे फोलेट हिरव्या पाल्यात असतं आणि पाला आमच्या रानात आहे. तुम्ही मात्र लसीच्या कुपीसाठी पुण्याकडे डोळे लावून बसता.

डॉक्टर : ताई, पाला खा म्हणायला माझी ना नाही. मात्र बी-१२ पाल्यात नसतं, ते तुमच्या खेकड्यांत आणि माशांत असतं, एवढं लक्षात असू द्या. आता मूळ मुद्दा. विषाणू कोणात टिकतो हे आधी त्याची जात ठरवते. सोळा नंबरची जात इतरांपेक्षा चिवट आहे. मग येतात एचआयव्हीची जोड, धूम्रपान आणि बाळंतपणांची संख्या. ताटाचा नंबर त्यानंतर, तोही अंधूक. उलट तपासणीचा पुरावा बघा. उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. गावांचे बावन्न गट केले आणि ते नशिबावर सोडून चार भागांत वाटले. एका भागातल्या बायकांची एचपीव्हीसाठी एकदाच तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगार लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या भागात या कर्करोगाने ३४ मृत्यू, नेहमीच्या व्यवस्थेत ६४. ज्वारीची भाकरी चारही भागांत तीच होती, ताई. मरण निम्म्यावर आलं ते एका तपासणीमुळे.

ताई : भाकरी चारही भागांत तीच होती, म्हणूनच तो अभ्यास भाकरीबद्दल काहीच सांगू शकत नाही. जे बदललंच नाही त्याचा परिणाम मोजणार कसा?

हा टोला बिनतोड आहे, आणि आहाराच्या विरोधात धाराशिवचा दाखला देणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. त्या अभ्यासाने तपासणीची ताकद सिद्ध केली. आहाराची दुर्बलता नव्हे. पण ताईंचा टोला त्यांनाही लागतो. आहाराचा परिणाम सिद्ध करायचा तर आहार बदलून पाहिलेला अभ्यास हवा, आणि तसे अभ्यास झालेले आहेत. ज्या बटरवर्थ यांचं निरीक्षण ताईंनी पुढे केलं, त्यांनीच त्याच वर्षी पुढचं पाऊल टाकलं होतं. गर्भाशयमुखाच्या पेशींत बिघाड असलेल्या बायकांपैकी काहींना सहा महिने रोज फोलिक ॲसिडची मोठी मात्रा दिली, काहींना नुसतीच दिखाऊ गोळी. दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. १९९५ साली आलेल्या दुसऱ्या एका चाचणीतही तेच. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनचे प्रयोग झाले, त्यांतूनही हाती काही लागलं नाही. निरीक्षणात दिसणारा संबंध प्रयोगात नाहीसा होतो तेव्हा सहसा कारण असं असतं, की ज्या बाईच्या रक्तात फोलेट कमी असतं तिच्या आयुष्यात आणखीही पुष्कळ कमी असतं. लग्न लवकर, बाळंतपणं जास्त, चुलीचा धूर, दवाखाना लांब. फोलेट त्या सगळ्याची खूण असतं. कारण असेलच असं नाही. ताईंना अजूनही बोलायला जागा आहे हे मान्य करायला हवं. गोळी म्हणजे जेवण नव्हे. बिघाड झाल्यावर दिलेली गोळी आणि संसर्गाच्या आधीपासूनचं पोषण यांतही अंतर आहे. अमेरिकेतल्या बायका वीटभट्टीवरच्या बाईइतक्या उपाशीही नव्हत्या. म्हणून मी हा मुद्दा खोटा ठरलेला मानत नाही, अपुरा मानतो. अपुऱ्या मुद्द्यावर वाडीतल्या बाईला सल्ला देताना जीभ जरा आवरावी लागते, एवढंच.

इथे वाद थांबला असता तर डॉक्टर जिंकले म्हणून हा लेख मिटवता आला असता. पण विषाणूजन्य कर्करोग म्हणजे केवळ गर्भाशयमुखाचा नव्हे. यकृताकडे वळलं की अन्नाची बाजू एकदम भक्कम होते. ती भक्कम होते ती काय खावं यामुळे नाही, तर खाल्लेल्यात काय मिसळलेलं असतं यामुळे. दमट हवेत साठवलेल्या मक्यावर आणि शेंगदाण्यावर वाढणारी एक बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचा छडा लागला. शिजवून ते जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरात सीमेवरच्या भिल्ल वस्त्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन काविळीची साथ आली आणि शंभराहून जास्त माणसं दगावली. हा झाला एका हंगामातला घात. थोडंथोडं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं तर काय होतं, हे शांघायमधल्या अठरा हजार पुरुषांच्या अभ्यासाने दाखवलं. १९९४ च्या त्या अहवालात, नुसत्या अफलाटॉक्सिनमुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साडेतीनपट निघाला, नुसत्या हेपटायटिस बीमुळे सुमारे सातपट. दोन्ही एकत्र असलेल्यांत तो साठपटीच्या घरात गेला. बेरीज अकराच्या पुढे जात नाही, गुणाकारही पंचवीसच्या आत राहतो. विषाणू यकृतातल्या पेशींना पुनःपुन्हा मरायला आणि वाढायला लावतो, आणि वाढत्या पेशीच्या नेमक्या त्या जनुकावर हे विष घाव घालतं ज्याचं काम पेशीला लगाम घालायचं असतं. विषाणू आणि अन्न यांची युती म्हणतात ती ही.

ताई : मग बघा, मी काय वेगळं म्हणत होते? चीनमध्ये छिदोंग नावाचा भाग आहे. तिथली माणसं मका खात. ऐंशीच्या दशकात धोरण बदललं, लोकांना तांदूळ मिळू लागला, मका सुटला. यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू पुढच्या काळात निम्म्याजवळ उतरले, आणि तेही काविळीच्या लसीची पिढी मोठी व्हायच्या आत. लस नव्हती तरी ताट बदललं आणि माणसं वाचली.

डॉक्टर : छिदोंगचं उदाहरण मला मान्य आहे, आणि ते तुमच्या बाजूचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. पण त्यातून कर्जतने काय शिकायचं? कर्जतला भाताचं संशोधन १९१९ पासून चालू आहे, केंद्रावर निघालेल्या वाणांना गावाचंच नाव आहे. इथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या तांदूळच खातो. छिदोंगने जे मिळवलं ते आपल्याकडे आधीपासून आहे. उलट फार्महाऊसवरून सल्ला येतो की पांढरा भात सोडा. आणि तैवानही विसरू नका. त्यांनी १९८४ साली नवजात बाळांना काविळीची लस द्यायला सुरुवात केली, आणि दहा-बारा वर्षांत मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झालेला दिसला. लस दिली की बुरशीला साथीदारच उरत नाही.

ताई : आणि जे आधीच जन्मले त्यांचं काय? आज चाळिशीत असलेल्या, अंगात विषाणू घेऊन फिरणाऱ्या माणसाला तुमच्या लसीचा काय उपयोग? त्याच्या बाबतीत हातात उरतं ते अन्नच. दारूही त्यातच धरा. विषाणू आणि हातभट्टी मिळून यकृत लवकर खातात. शहरातल्यांना साखरेचा आजार आणि चरबी तेच काम करते. बाळाचं म्हणाल, तर ती लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते. भट्टीवर पालात जन्मलेल्या पोराचे चोवीस तास कोण मोजतं?

दोघांचीही अर्धी-अर्धी बाजू बरोबर आहे, असं म्हणून सुटका करून घेण्याचा मोह इथे होतो. तो टाळायला हवा, कारण या पुराव्याचा आकार मधोमध नाही. भाताबद्दल डॉक्टर बरोबर सांगतात, पण एक गोष्ट निसटते. भात खाणाऱ्या घरातही शेंगदाण्याचं कूट असतं, आणि स्वस्तात मिळणारा शेंगदाणा हा बहुधा वेचून काढलेला, सुरकुतलेला, काळपट दाणा असतो. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, मूठभर दाण्यांत एकवटलेलं असतं. म्हणून निवडण्याला खरा अर्थ आहे, आणि निवडून टाकलेला दाणा गरिबाच्या बाजारात येतो यालाही. घाटाच्या पायथ्याशी चार महिने जी ओल असते तिच्यात कणगीतलं धान्य कोरडं राखणं हे कौशल्याचं काम आहे. नाचणी या बाबतीत गुणी. नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षं टिकते, तिला बुरशी सहसा धरत नाही. नाचणी खा असं सहसा सांगतात ते लोहासाठी आणि कॅल्शियमसाठी. मला तिचा टिकाऊपणा जास्त मोलाचा वाटतो. पण हे सगळं स्वयंपाकघरातल्या बाईच्या शहाणपणावर सोडून देण्याजोगं नाही. छिदोंगमध्ये बायकांना उपदेश करून मका सुटला नव्हता. बाजार बदलला आणि तांदूळ परवडू लागला. अन्नाचा जो परिणाम सगळ्यात पक्का सिद्ध झाला आहे, तो कुणाच्या खाण्यावरच्या संयमाचा नाही. धान्य कोणी वाळवलं, कुठे साठवलं, रेशन दुकानाच्या गोदामाला गळती आहे का, अंगणवाडीच्या पुरवठ्यातले दाणे कोणी तपासले, यांचा तो परिणाम आहे.

आता फार्महाऊसवरचा सल्ला तपासू, कारण त्याचं मूळ गंमत म्हणजे भारतातच आहे. १९६८ साली हैदराबादच्या ज्या प्रयोगशाळेची पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली, तिथे माधवन आणि गोपालन यांनी उंदरांना अफलाटॉक्सिन दिलं. काहींच्या आहारात पाच टक्के प्रथिनं, काहींच्या वीस टक्के. यकृताचे कर्करोग झाले ते वीस टक्केवाल्यांना. अमेरिकेतल्या कॉलिन कॅम्पबेल यांनी हा धागा उचलला, काविळीच्या विषाणूचं जनुक असलेल्या उंदरांपर्यंत नेला, आणि २००५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकातून प्राणिज प्रथिनं कमी करण्याचा संदेश जगभर पोचवला. आरोग्यकेंद्रांच्या माहितीपत्रकांत तो होता होता एका ओळीचा झाला: प्रथिनं आवरा, विषाणू काही करणार नाही. पण हैदराबादच्या त्याच शास्त्रज्ञांनी १९६५ साली आणखी एक गोष्ट पाहिली होती. कमी प्रथिनांवर वाढलेल्या कोवळ्या उंदरांच्या यकृताला या विषाची तात्काळ इजा जास्त होते. म्हणजे कमी प्रथिनांच्या उंदराला म्हातारपणी होणारा कर्करोग टळतो खरा, पण विषाचा पहिला तडाखा त्यालाच जास्त बसतो. ज्या बाईच्या ताटात महिन्याकाठी चार अंडी येत नाहीत, तिला प्रथिनं कमी कर म्हणणं हा शास्त्राचा विपर्यास तर आहेच, शिवाय अडाणीपणाही आहे. गोपालन हे आयुष्यभर भारतातल्या कुपोषणावर काम करणारे गृहस्थ. त्यांच्या प्रयोगाचा असा उपयोग व्हावा, हे जरा अतीच झालं.

माशांबाबतही अशीच घाई होते. ईबीव्ही नावाचा विषाणू आणि खारवलेले मासे मिळून नाकाच्या मागच्या घशाचा कर्करोग वाढतो, हे दक्षिण चीनमध्ये पक्कं झालेलं आहे. म्हणून सुके बोंबील आणि सुकट बंद करा, असं कोणी वाड्यांत सांगू लागलं तर त्याला थांबवावं. तो पुरावा चिनी पद्धतीने मुरवलेल्या, बाळपणापासून भरवल्या जाणाऱ्या माशांचा आहे. भारतात हा कर्करोग सर्वांत जास्त दिसतो तो नागालँडमध्ये, कोकणात नव्हे. गरिबाच्या ताटातलं उरलंसुरलं प्रथिन एका परक्या अभ्यासाच्या धाकाने काढून घेणं परवडणारं नाही.

डॉक्टर : म्हणजे शेवटी तुम्ही माझ्याच बाजूला आलात. सल्ले कमी, सुया जास्त.

ताई : सुयांचं नाव काढलंत म्हणून विचारते. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आणि गुजरातेत वडोदऱ्याला आदिवासी मुलींना एचपीव्हीची लस दिली. वसतिगृहातल्या मुलींसाठी पालकांच्या जागी वॉर्डननी सह्या केल्या. काही मुली दगावल्या, काम थांबवावं लागलं. मृत्यू लसीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं, मान्य. पण संमतीच्या कागदांवर संसदेच्या समितीने २०१३ साली कडक ताशेरे मारले. आश्रमशाळा आमच्याकडेही आहेत, डॉक्टर. पाला खा म्हटल्याने कुणाचा विश्वास तुटत नाही. सुईने तुटू शकतो.

ताईंची ही हरकत सगळ्यात गंभीर आहे, आणि तिला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. लसीचे आकडे चांगलेच आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या भारतातल्या ज्या अभ्यासात बार्शी आणि पुणे ही महाराष्ट्रातली केंद्रं होती, त्यात एकाच मात्रेने दहा वर्षांनंतरही सोळा आणि अठरा नंबरच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण दिसलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. एक मात्रा पुरते ही गोष्ट स्थलांतर करणाऱ्या मुलीसाठी फार मोठी आहे. दुसऱ्या मात्रेला ती वाडीत असेलच असं नाही. पण खम्ममचा धडा असा, की लस चांगली असूनही ती देण्याची पद्धत वाईट असू शकते. ‘पाला खा’ म्हटल्याने विश्वास तुटत नाही हे खरं. त्याने मुलीचं एचपीव्हीपासून रक्षणही होत नाही. आईबापांना त्यांच्या बोलीत समजावून, भट्टीवर जाऊन, नकार देण्याची मोकळीक ठेवून घेतलेली सही हे या हरकतीचं उत्तर आहे, आणि ते काम डॉक्टरांपेक्षा ताईंना चांगलं जमेल. लसीला ताईंची गरज आहे. ताईंनी मात्र लसीच्या जागी भाजी ठेवू नये.

जागेचा हा मुद्दा मला आहाराच्या सगळ्या चर्चेत कळीचा वाटतो. वाडीत बायका एकत्र बसून ऐकतील अशी दहा मिनिटं मिळतात. ती कशावर खर्च करायची? बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीच्या कामासाठी माणसं गावोगाव जात, आणि जाता जाता लक्षणांबद्दल बोलत. अंगावरून दुर्गंधीचं पाणी जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी थांबल्यावर पुन्हा दिसणं. १९९५ साली कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एवढ्या बोलण्यानेच बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या. यंत्र नव्हतं, लस नव्हती. बोलण्याचा विषय नेमका होता. आणि देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या, त्याच २०१९ ते २१ च्या पाहणीत, दोन टक्केही नव्हत्या. अशा वेळी ती दहा मिनिटं ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ पदार्थांवर गेली तर ती वाया गेली असं मी म्हणेन. शिवाय त्या सल्ल्यात एक न बोललेला आरोप असतो. तू नीट खाल्लं नाहीस म्हणून तुला झालं. वीटभट्टीवर मुकादमाच्या उचलीवर जगणाऱ्या बाईला ताट निवडता येत नाही, मग त्या ताटाचा दोष तिच्या माथी का?

ताई : मग पोषणाचं काम सोडून देऊ म्हणता? नुसती लक्षणं सांगत फिरू?

डॉक्टर : नाही ताई. तुमचं काम जिथे सगळ्यात जास्त लागतं तिथे तुम्ही बघतच नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला किरणोपचार द्यायचे म्हणजे पाच आठवडे बाहेरून, जोडीला आठवड्याला एक केमो, मग आतून. सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं, लांबलं की गुण कमी. किरणांना काम करायला गाठीत प्राणवायू लागतो, तो रक्त पोचवतं. हिमोग्लोबिन सात-आठवर असलेली बाई आली की आधी रक्त चढवा, मग सुरुवात करा. त्यात दिवस जातात. वजन घटलेली बाई केमोच्या चौथ्या आठवड्याला कोलमडते. रायगडातच, खारघरला, टाटाचं केंद्र आहे. कर्जतहून परळला लोकल जाते. पण आजार बरा होण्याजोगा असून ती बाई उपचार पुरे करू शकत नाही. कधी अंगात ताकद नाही म्हणून, कधी घरी मागे राहिलेल्यांना कोण शिजवून घालणार म्हणून.

या मुद्द्यावर डॉक्टर ताईंपेक्षा पोषणवादी झाले, आणि ते बरोबरच आहे. विषाणूपासून कर्करोगापर्यंतच्या वाटेवर अन्न तीन ठिकाणी भेटतं. सुरुवातीला विष म्हणून, मधे विषाणूला हाकलणाऱ्या शरीराची शिदोरी म्हणून, आणि शेवटी उपचार पेलण्याची ताकद म्हणून. पहिल्या आणि शेवटच्या ठिकाणचा पुरावा दणकट आहे. मधला सगळ्यात कच्चा, आणि बाजारात विकला जातो तो नेमका मधलाच. यावर कोणी म्हणेल, उपचारातलं पोषण हा प्रतिबंध नव्हे, मग तो या चर्चेत कशाला? कारण तीस-चाळीस वर्षांची जी बाई आज विषाणू घेऊन जगते आहे, तिला लसीचा काळ उलटून गेलेला आहे. तिच्यासाठी तपासणी आणि पुरता झालेला उपचार हेच मरण टाळण्याचे मार्ग आहेत, आणि दोन्ही पोटाशी बांधलेले आहेत. तपासणीला यायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते. उपचाराला दोन महिन्यांची.

मधल्या कच्च्या मुद्द्याचंही काही करता येईल. खालापूर तालुक्यात तांबाटीला टाटा स्मारक केंद्राला आयुर्वेद आणि कर्करोग यांवरच्या कामासाठी जागा देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतलेला आहे. ताईंच्या दाव्याची परीक्षा घ्यायला यापेक्षा जवळची जागा नाही. ज्यांची एचपीव्ही तपासणी विषाणू दाखवते पण पेशींत बिघाड दिसत नाही, अशा बायका घ्याव्यात. त्यांच्यापैकी ज्यांच्या रक्तात फोलेट आणि बी-१२ कमी आहे त्यांचे, नशिबावर सोडून, दोन गट करावेत. एका गटाला नेहमीची आरोग्यसेवा, दुसऱ्याला त्याबरोबर वर्षभर खरं जेवण: अंडी, मासे, पाला, कडधान्य. दोन वर्षांनी कोणाच्या अंगातून विषाणू जास्त गेला ते मोजावं. गोळी नव्हे तर अन्न, अमेरिकेतल्या नव्हे तर इथल्या बायका, बिघाडानंतर नव्हे तर आधी. ताईंच्या तिन्ही हरकती यात धरल्या जातात. दुसऱ्या गटाला आत्ताच जेवण का नाही, असा नैतिक प्रश्न येईलच. त्यावर अभ्यास संपताच त्यांनाही तेच जेवण, आणि रक्तक्षय निघालेल्या प्रत्येकीला पहिल्या दिवसापासून लोहाच्या गोळ्या, असं बांधून घेता येतं.

ताई : मी बायका गोळा करीन. पण एक अट. दिवाळीनंतर ज्या भट्टीवर जातील त्यांना ‘गैरहजर’ लिहून यादीतून काढायचं नाही. तुमचा माणूस त्यांच्या मागे भट्टीपर्यंत गेला पाहिजे.

डॉक्टर : माझीही एक अट आहे. या दोन वर्षांत जिच्या पेशींत बिघाड दिसेल तिचा उपचार त्याच आठवड्यात होईल, ती कुठल्याही गटात असो. ‘अजून सहा महिने पाला खाऊन बघू’ हे वाक्य तुमच्या तोंडून मला ऐकायचं नाही.